विजेची शिदोरी : लॅपटॉपच्या बॅटरीची काटकसर आणि निगा

ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचा पट, घरपट्टी-पाणीपट्टीची आकारणी, निरनिराळ्या योजनांच्या लाभार्थींच्या याद्या ही सारी कागदपत्रे एके काळी कापडी बस्त्यात बांधलेली असत. आता त्यांपैकी बरीचशी संगणकात गेली आहेत. कार्यालयातील टेबलावरचा संगणक जागचा हलत नाही. त्यामुळे ग्रामसभा, दाखलेवाटपाचे शिबिर, वाडीवस्तीवरची शाळा किंवा तालुक्याची बैठक अशा ठिकाणी लॅपटॉप हाच आधार असतो. आणि जेथे विजेची जोडणी नाही, किंवा असूनही वीज गेलेली आहे, तेथे लॅपटॉपचा सारा भार त्याच्या पोटातील लहानशा बॅटरीवर असतो.

मृगाच्या पहिल्याच वादळात तारांवर झाड पडते आणि गावाचा वीजपुरवठा काही तास खंडित होतो, हा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांना नवा नाही. अशा वेळी मुलाच्या शाळाप्रवेशासाठी दाखला हवा म्हणून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस कार्यालयाच्या ओट्यावर बसलेला असतो. लॅपटॉपची बॅटरी तासाभरातच संपली, तर त्याला ‘उद्या या’ एवढेच सांगावे लागते. तो उद्या येतो, म्हणजे त्याची आणखी एक मजुरी बुडते. बॅटरीची काटकसर ही वरवर पाहता यंत्राची बाब वाटते. वास्तविक तिचा संबंध अशा माणसांच्या वेळेशी आणि सार्वजनिक पैशातून घेतलेल्या साधनांच्या आयुष्याशी आहे. म्हणूनच या विषयाची थोडी शास्त्रशुद्ध माहिती लॅपटॉप हाताळणाऱ्या प्रत्येकाला असणे अगत्याचे आहे.

साठा किती आणि खर्च किती

कणगीत धान्य किती आहे आणि रोजचा शिधा किती लागतो हे ठाऊक असले, की ते धान्य किती दिवस पुरेल याचा हिशेब घरातील कोणीही करू शकतो. बॅटरीचा हिशेबही नेमका असाच आहे. बॅटरीत साठणारी ऊर्जा ‘वॅट-तास’ या परिमाणात मोजतात आणि लॅपटॉपचा खर्च ‘वॅट’मध्ये मोजतात. साठ्याला खर्चाने भागले, की बॅटरी किती तास चालेल ते कळते. बॅटरीवर किंवा लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या पट्टीवर वॅट-तासांचा आकडा बहुधा छापलेला असतो. तो नसेल आणि व्होल्ट व अँपिअर-तास हे आकडे असतील, तर त्या दोहोंचा गुणाकार करावा म्हणजे वॅट-तास मिळतात. नेहमीच्या वापरातील बऱ्याच लॅपटॉपांची बॅटरी ४० ते ६० वॅट-तासांची असते. विमानप्रवासात विशेष परवानगीशिवाय जवळ बाळगता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्याही सहसा या मर्यादेच्या आतच बनविल्या जातात, त्याचे हे एक कारण होय.

उदाहरणादाखल ४८ वॅट-तासांची एक नवी बॅटरी घेऊ. पडदा पूर्ण प्रखर ठेवला, अनेक कामे एकाच वेळी उघडी ठेवली आणि लॅपटॉपचा खर्च १६ वॅटपर्यंत गेला, तर ही बॅटरी ३ तास चालेल. तोच खर्च थोड्या दक्षतेने १० वॅटवर आणला, तर ती ४ तास ४८ मिनिटे चालेल. आता ही बॅटरी जुनी झाली आणि तिची क्षमता ३६ वॅट-तासांवर उतरली असे समजू. १६ वॅटच्या वापरात ती सव्वादोन तासांत संपेल. परंतु १० वॅटच्या वापरात ती ३ तास ३६ मिनिटे पुरेल. म्हणजे काटकसरीने वापरलेली जुनी बॅटरी ही उधळेपणाने वापरलेल्या नव्या बॅटरीपेक्षा अधिक वेळ साथ देते. नवी बॅटरी किंवा नवा लॅपटॉप मागण्यापूर्वी हा साधा भागाकार करून पाहणे हिताचे ठरते.

बॅटरीच्या आत

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० साली रासायनिक क्रियेतून अखंड विद्युत्प्रवाह मिळविण्याचे साधन जगापुढे मांडले. त्यानंतर १८५९ साली शिसे आणि आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार झाली. मोटारगाडी आणि घरचा इन्व्हर्टर यांत आजही तिचाच वंश चालू आहे. मात्र ती जड असते. १९८१ साली अमेरिकेत बाजारात आलेला ऑस्बोर्न हा उचलून नेता येण्याजोगा संगणक सुमारे ११ किलोग्रॅम वजनाचा होता आणि तो चालविण्यासाठी विजेची जोडणी लागे. मांडीवर ठेवून तासन् तास काम करता येईल असा संगणक घरोघरी जाण्यासाठी हलकी आणि बळकट बॅटरी सापडणे आवश्यक होते.

ही गरज लिथियम-आयन बॅटरीने भागविली. लिथियम हा धातूंमध्ये सर्वांत हलका. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतील संशोधनातून ही बॅटरी आकारास आली. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. या कार्यासाठी तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या बॅटरीची रचना समजण्यास कठीण नाही. तिच्या एका टोकाला ग्रॅफाइटचा थर असतो, तर दुसऱ्या टोकाला लिथियम आणि कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांसारख्या धातूंच्या संयुगाचा थर असतो. दोहोंमध्ये सच्छिद्र पडदा आणि लिथियमचे विद्युत्भारित कण वाहून नेणारा द्रव असतो. बॅटरी भरताना हे कण ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. लॅपटॉप चालू असताना ते मूळ जागी परततात आणि त्याच वेळी बाहेरच्या तारेतून वीज वाहते. हे जाणे-येणे शेकडो वेळा होऊ शकते. परंतु प्रत्येक फेरीत काही कण वाटेत कायमचे अडकून पडतात. पाझर तलावात दर पावसाळ्यात थोडा गाळ साचतो आणि पाणी साठविण्याची जागा हळूहळू कमी होते, तसाच हा प्रकार आहे. तलावातील गाळ काढता येतो, बॅटरीतील काढता येत नाही. तो साचण्याचा वेग कमी करणे एवढेच माणसाच्या हाती असते.

येथे दोन गोष्टींतील भेद स्पष्ट होतो. आज भरलेली वीज अधिक वेळ पुरविणे ही काटकसर, तर बॅटरी अधिक वर्षे टिकविणे ही निगा. दोहोंचे उपाय काहीसे वेगळे आहेत.

वीज कोठे खर्च होते

लॅपटॉपमधील विजेचा सर्वांत ठळक ग्राहक म्हणजे त्याचा पडदा. बहुसंख्य लॅपटॉपांच्या पडद्यामागे दिव्यांची पट्टी सतत जळत असते. तिची प्रखरता कळफलकावरील खुणेच्या बटणांनी कमी-अधिक करता येते. खोलीत पूर्ण प्रखरतेची गरज क्वचितच असते. ती निम्म्यावर आणल्यास मजकूर सहज वाचता येतो आणि विजेत जाणवण्याइतकी बचत होते. पडद्याची पार्श्वभूमी काळी ठेवल्याने वीज वाचते असे पुष्कळांना वाटते. ज्या पडद्यांतील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, अशा ओएलईडी प्रकारच्या पडद्यांपुरतेच ते खरे आहे. मागून उजेड देणाऱ्या नेहमीच्या पडद्यात काळ्या पार्श्वभूमीमागचा दिवाही तसाच जळत असतो. कळफलकाखाली दिवे असल्यास दिवसा ते बंद ठेवावेत.

दुसरा मोठा ग्राहक म्हणजे प्रोसेसर, अर्थात संगणकाचा मेंदू. त्याच्यावर कामाचा ताण वाढला, की त्याला वेग वाढवावा लागतो. वेग वाढविण्यासाठी विजेचा दाबही वाढवावा लागतो. विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट केल्यास खर्च दुपटीहून बराच अधिक होतो. त्यातून निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा फिरू लागतो आणि त्यालाही वीज लागते. काही विशेष काम चालू नसता पंखा जोराने फिरत असेल, तर पडद्याआड कोणता तरी कार्यक्रम प्रोसेसरला राबवीत आहे असे खुशाल समजावे. ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले अनेक टॅब, आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती, विषाणूशोधाची तपासणी, प्रणालीचे अद्ययावतीकरण, छायाचित्रे दूरच्या साठ्यात पाठविण्याची क्रिया ही याची नेहमीची कारणे होत. ज्या टॅबची गरज नाही ते बंद करावेत. अद्ययावतीकरण अवश्य करावे, परंतु लॅपटॉप विजेच्या जोडणीवर असताना करावे.

तिसरा ग्राहक म्हणजे बाहेरून जोडलेली उपकरणे. इंटरनेटचे डोंगल, पेन ड्राइव्ह, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बाहेरची हार्ड डिस्क ही सर्व उपकरणे लॅपटॉपच्याच बॅटरीतून वीज घेतात. साध्या यूएसबी खाचेतून अडीच वॅट, तर नंतरच्या सुधारित खाचेतून साडेचार वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. १० वॅटवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या दृष्टीने हा लहान आकडा नाही. काम झाल्यावर उपकरण नीट काढून ठेवण्याची सवय म्हणूनच उपयुक्त ठरते.

या संदर्भात एका सर्रास आढळणाऱ्या प्रथेचा उल्लेख करावयास हवा. वीज गेली की कोणी तरी आपला भ्रमणध्वनी लॅपटॉपला जोडून देतो. ५,००० मिलीअँपिअर-तासांच्या भ्रमणध्वनीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे असा एक रिकामा भ्रमणध्वनी पूर्ण भरला, तर ४८ वॅट-तासांच्या लॅपटॉपचा एक-तृतीयांशाहून अधिक साठा त्यात निघून जातो. ज्या विजेवर दहा-वीस दाखले निघू शकले असते, ती एका भ्रमणध्वनीत जाते. भ्रमणध्वनी भरावयाचा असेल, तर त्यासाठी वेगळी पॉवर बँक असावी.

क्षीण इंटरनेट संकेत हाही वीज खाणारा घटक आहे. संकेत कमजोर असला, की ग्रहण-प्रक्षेपण करणाऱ्या भागाला अधिक जोर लावावा लागतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. टिपणे लिहिणे, ठरावाचा मसुदा करणे, तक्ता भरणे अशी इंटरनेटविना होणारी कामे करताना वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावेत. जे संकेतस्थळावर भरावयाचे आहे ते आधी कागदावर किंवा तक्त्यात पूर्ण तयार ठेवावे आणि मग जोडणी सुरू करून एका बैठकीत भरावे. यात विजेबरोबर वेळही वाचतो.

निद्रा आणि शीतनिद्रा

कामात थोडा खंड पडला, की लॅपटॉपचे काय करावे याविषयी बराच गोंधळ आढळतो. ‘स्लीप’ म्हणजे निद्रा. या स्थितीत पडदा बंद होतो, परंतु चालू काम तात्पुरत्या स्मृतीत जिवंत ठेवण्यासाठी बॅटरी थोडी थोडी वीज पुरवीत राहते. काही नव्या लॅपटॉपांत निद्रेच्या काळातही निरोप आणि अद्ययावतीकरण घेण्याचे काम चालू असते. त्यामुळे रात्री ठीक असलेली बॅटरी सकाळी बरीच उतरलेली दिसते. ‘हायबरनेट’ म्हणजे शीतनिद्रा. या स्थितीत चालू काम कायमच्या साठ्यात उतरवून ठेवले जाते आणि यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते. पुन्हा सुरू करताना थोडा अधिक वेळ लागतो, परंतु वीज खर्ची पडत नाही आणि सोडलेले काम जसेच्या तसे पुढे येते.

पाच-दहा मिनिटांच्या खंडासाठी निद्रा पुरेशी आहे. एक-दोन तासांचा खंड असेल किंवा लॅपटॉप पिशवीत घालून प्रवासाला निघावयाचे असेल, तर शीतनिद्रा किंवा पूर्ण बंद करणे श्रेयस्कर होय. निद्रेतील लॅपटॉप पिशवीत जागा झाला, तर हवा खेळत नसल्याने तो तापतो, आणि उष्णता ही बॅटरीची मोठी वैरीण आहे. विंडोज प्रणालीत शीतनिद्रेचा पर्याय पुष्कळदा सूचीत दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ या विभागात जाऊन तो सुरू करता येतो. बॅटरी अगदी तळाला गेल्यावर लॅपटॉपने आपोआप शीतनिद्रेत जावे अशी व्यवस्थाही तेथेच करता येते. ही एक तजवीज केलेली असली, तर ऐन कामात वीज संपून तासाभराचा भरलेला तक्ता नष्ट होण्याची आपत्ती टळते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ या विभागात ‘पॉवर अँड बॅटरी’ हे पान आहे. त्यावर ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ हा पर्याय निवडल्यास प्रोसेसर संथ आणि मितव्ययी चालतो. पत्रे, तक्ते, अर्ज या नेहमीच्या कार्यालयीन कामात हा संथपणा जाणवतही नाही. कोणत्या कार्यक्रमाने किती वीज घेतली याची सूचीही याच पानावर मिळते. खर्चाची वही पाहिल्याशिवाय घरखर्च कमी होत नाही. तेव्हा ही सूची अधूनमधून पाहावी. मॅकबुक लॅपटॉपांत याच कामासाठी ‘लो पॉवर मोड’ ही सोय दिलेली आहे.

बॅटरीचे आयुष्य कशाने वाढते

बॅटरीचे आयुष्य आवर्तनांत मोजण्याची पद्धत आहे. एकूण १०० टक्के वीज खर्च झाली, की एक आवर्तन पूर्ण झाले असे धरतात. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरली, तर दोन दिवसांत मिळून एकच आवर्तन होते. लॅपटॉपच्या बॅटऱ्या साधारणतः ३०० ते १,००० आवर्तनांपर्यंत समाधानकारक काम देतील अशा बेताने बनविलेल्या असतात. परंतु आवर्तने पूर्ण होण्यापूर्वीच त्या निकामी होतात, याची प्रमुख कारणे दोन : उष्णता आणि टोकाची स्थिती.

उष्णतेने बॅटरीतील नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात. लॅपटॉपच्या वापरासाठी सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे अनेक उत्पादक सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखाचे दुपारचे तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. अशा दिवसांत उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमध्ये लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य हाताने कमी करणे होय. गादी, सतरंजी किंवा फायलींचा ढीग यांवर लॅपटॉप ठेवल्यास तळाकडील झरोके झाकले जातात. तो नेहमी टणक आणि सपाट पृष्ठभागावर ठेवावा. साधी लाकडी पाटीही पुरते. झरोक्यांत धूळ साचली असल्यास जाणकाराकडून ती काढून घ्यावी. याउलट थंडीने गारठलेला लॅपटॉप तत्काळ चार्जरला लावू नये. शून्य अंशाखाली बॅटरी भरणे अपायकारक असते.

टोकाची स्थिती म्हणजे बॅटरी सदैव काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी असणे. १०० टक्के भरलेल्या अवस्थेत आतील रसायनांवर ताण असतो. रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिल्यास ती इतकी खोल जाते, की पुन्हा भरतच नाही. रोजच्या वापरात ती २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हा मध्यममार्ग होय. ज्या कार्यालयांत लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो, तेथे ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय उपयोगी पडते. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत ती दिलेली असते. शाळेचा लॅपटॉप उन्हाळी सुटीत कपाटात ठेवावयाचा असेल, तर तो सुमारे ५० टक्के भरून, पूर्ण बंद करून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावा व मधून एकदा पाहावा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ‘लॅपटॉप सुरूच होत नाही’ ही तक्रार त्यामुळे बरीच कमी होईल.

काही रूढ गैरसमज

बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय भरू नये, हा समज अद्याप प्रचलित आहे. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरल्या, तर त्यांची क्षमता घटल्यासारखी होई. लिथियम-आयन बॅटरीला हा दोष नाही. ती केव्हाही आणि कितीही भरता येते. पूर्ण रिकामी करण्याचा आग्रह मात्र तिला अपायकारक ठरतो.

नवा लॅपटॉप प्रथम आठ-दहा तास चार्जरला लावावा, असेही सांगितले जाते. याची आवश्यकता नाही. बॅटरी भरली की आतील नियंत्रक मंडल प्रवाह स्वतःच थांबविते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बॅटरीचा बहुतांश भाग झपाट्याने भरतो आणि शेवटचा भाग सावकाश भरतो. तेव्हा ज्या गावात वीज थोडाच वेळ मिळते, तेथे शंभर टक्क्यांची वाट न पाहता मिळेल तेवढ्या वेळात लॅपटॉप चार्जरला लावावा. तासाभराच्या विजेतही पुष्कळ काम साधते.

कोपऱ्यात दिसणारा ‘उरलेला वेळ’ हा निश्चित आकडा असतो, हाही गैरसमजच. तो त्या क्षणाच्या खर्चावरून काढलेला अंदाज असतो. चित्रफीत सुरू केली की तो घटतो, नुसते वाचन चालू ठेवले की वाढतो. जुन्या बॅटरीत तर टक्केवारीही फसवी असू शकते आणि १०-१५ टक्के शिल्लक दिसत असताना यंत्र एकाएकी बंद पडते. म्हणून जुन्या लॅपटॉपवर काम करताना ते वरचेवर साठवून ठेवावे.

ग्रामसभेच्या दिवशी

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरतात. अशा दिवसासाठी आदल्या रात्रीच तयारी करावी. रोजचा नियम ८० टक्क्यांचा असला, तरी त्या रात्री बॅटरी १०० टक्के भरण्यास प्रत्यवाय नाही. वर्षातून चार-सहा वेळा असे केल्याने काही बिघडत नाही. प्रणालीचे अद्ययावतीकरण आधीच उरकून घ्यावे. लागणारे तक्ते, मागील सभेचे इतिवृत्त आणि लाभार्थींच्या याद्या लॅपटॉपमध्ये उतरवून घ्याव्यात, म्हणजे सभेत इंटरनेटची गरज भासणार नाही. उघड्या मैदानात सभा असल्यास लॅपटॉप सावलीत आणि उन्हाकडे पाठ न करता ठेवावा. पडद्यावर ऊन पडले की प्रखरता वाढवावी लागते. प्रोजेक्टर आणि छपाईयंत्र लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत नाहीत. त्यांच्यासाठी इन्व्हर्टर किंवा जनित्राची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागेल. चार्जर मात्र बरोबर असावाच, आणि तो मूळ कंपनीचा किंवा योग्य व्होल्ट-वॅटचा असावा. स्वस्तातील बनावट चार्जर बॅटरीला आणि प्रसंगी माणसालाही धोकादायक ठरतो.

कार्यालयीन लॅपटॉप एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविताना त्याच्या बॅटरीची प्रकृती तपासून नोंदविण्याची पद्धत पाडल्यास चांगले होईल. विंडोज प्रणालीत आज्ञापटलावर ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह दिली, की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्या ती पूर्ण भरल्यावर राहणारी क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ क्षमता ४८ वॅट-तास आणि सध्याची ३६ असल्यास ७५ टक्के क्षमता उरली आहे असे समजावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत वर्षातून एकदा ही टक्केवारी लिहून ठेवली, तर बॅटरी बदलण्याची वेळ केव्हा येणार हे आधीच कळते आणि अंदाजपत्रकात त्याची तरतूद करता येते. पुष्कळदा केवळ बॅटरी बदलून दुरुस्त होणारा लॅपटॉप निकामी म्हणून बाजूला टाकला जातो. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत नव्या बॅटरीचा खर्च फारच थोडा असतो.

फुगलेली बॅटरी

कळफलक किंवा स्पर्शपट्टी वर उचलल्यासारखी दिसू लागली, झाकण नीट बसेनासे झाले किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुलू लागला, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. आतील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार झाल्याचे ते लक्षण आहे. अशा लॅपटॉपचा वापर तत्काळ थांबवावा. तो चार्जरला लावू नये, बॅटरी दाबू नये आणि तिला टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. लिथियम बॅटरीतील द्रव ज्वालाग्राही असतो आणि आग एकदा लागली की झपाट्याने पसरते. ज्या शाळांत लॅपटॉप मुलांच्या हाताशी असतो, तेथे शिक्षकांनी याबाबत विशेष दक्ष राहावयास हवे. लॅपटॉप जाणकार दुरुस्ती केंद्राकडे सोपवावा.

निकामी बॅटरी कचऱ्यात टाकणे, जाळणे किंवा वजनावर भंगारात विकणे हेही तितकेच घातक आहे. केंद्र शासनाने २०२२ साली जारी केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची आणि त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. वापरणाऱ्याचे कर्तव्य एवढेच, की ती बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोहोचवावी. कोबाल्ट, निकेल आणि लिथियम हे धातू खाणीतून मोठ्या कष्टाने काढावे लागतात. ते जमिनीत किंवा विहिरीच्या पाण्यात जाऊन अपाय करण्यापेक्षा नव्या बॅटरीत परतणे केव्हाही चांगले.

सवयीचा प्रश्न

वर सांगितलेल्या उपायांपैकी एकाही उपायाला अनुदान, निविदा किंवा मंजुरी लागत नाही. पडद्याची प्रखरता निम्म्यावर आणणे, न लागणारे टॅब मिटणे, भ्रमणध्वनी लॅपटॉपला न जोडणे, लांबच्या खंडात शीतनिद्रेचा वापर करणे आणि लॅपटॉप उन्हात न ठेवणे या पाच सवयी एका आठवड्यात अंगवळणी पडू शकतात. ज्या शाळेत एकच लॅपटॉप आहे, तेथील शिक्षकाने या सवयी स्वतः पाळल्या, तर विद्यार्थीही त्या आपोआप उचलतील. साठा, खर्च आणि वेळ यांचे गणित फळ्यावर सोडवून दाखविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

जुन्या काळी दूरच्या बाजाराला निघालेला शेतकरी शिदोरी बांधून घेई आणि वाटेत ती पुरवून पुरवून खाई. लॅपटॉपची बॅटरी ही अशीच बांधून नेलेली शिदोरी आहे. वादळानंतर तारा जोडून वीज परत येईपर्यंत ती पुरली, तर ओट्यावर बसलेला माणूस त्याच दिवशी दाखला घेऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर राहतो.